तळघरातला अहवाल

सोमवारी सकाळी अनुराधा बोरस्ते ओट्यापाशी उभी राहून मेथी निवडत होती, तेव्हा तिच्या फोनवर तळघरातल्या कपाटाचा निरोप आला. कपाटाचे निरोप आठवड्यातून दोनतीन तरी येत. अमक्या खणातली बाटली आता उघडायला हरकत नाही, तळघरातला ओलावा कमी झालाय, वगैरे. ती ते तिथूनच मोठ्यानं वाचून नवऱ्याला ऐकवायची. आजही तिनं सवयीनं तोंड उघडलं आणि पहिल्याच ओळीवर थबकली.

'हा अहवाल बाटल्यांविषयी नाही. चव घेणाऱ्या व्यक्तीविषयी आहे.'

"काय म्हणतंय तुझं कपाट?" शिरीषनं ओसरीवरून विचारलं. तो कामावर निघायच्या तयारीत बूट चढवत होता.

"काही नाही. नेहमीचंच," ती म्हणाली.

एकतीस वर्षांच्या संसारात ती त्याच्याशी क्वचितच खोटं बोलली होती. इतक्या चटकन तर कधीच नाही.

शिरीष गिरणाऱ्याजवळच्या एका वायनरीत मुख्य ब्लेंडर होता. वेगवेगळ्या टाक्यांतली वाईन कोणत्या प्रमाणात एकत्र करायची, हे ठरवणारा माणूस. हे काम म्हणायला जिभेचं, पण खरं नाकाचं. जिभेला आंबट, गोड, खारट, कडू एवढंच कळतं. बाकी ज्याला आपण चव म्हणतो ते सगळं नाक सांगतं. शिरीषच्या नाकाचे किस्से पंचक्रोशीत प्रसिद्ध होते. लहानपणी म्हणे तो विहिरीच्या काठावर उभा राहून कोणाच्या बागेत आज गंधक मारलंय ते सांगायचा. आता साठी गाठली होती, पण त्यानं हो म्हटल्याशिवाय वायनरीतून एकही बाटली बाहेर पडत नव्हती.

घरी त्याचा एकच छंद होता, वाईन मुरवण्याचा. लग्नानंतर ते भाड्याच्या एका खोलीत राहायचे तेव्हा तो बाटल्या ओल्या चादरीत गुंडाळून माठामागे आडव्या ठेवायचा. बूच ओलं राहिलं पाहिजे, उजेड लागता कामा नये, धक्का बसता कामा नये. पुढे गंगापूर रोडला घर बांधलं तेव्हा त्यानं पहिल्यांदा खाली काळ्या खडकात तळघर खोदून घेतलं आणि मग वरचा मजला किती मोठा करायचा याचा विचार केला. नाशिकचा उन्हाळा हल्ली चव्वेचाळीसच्या खाली येतच नव्हता. तळघरात मात्र बारा महिने तेरा अंश. दोनशे साठ बाटल्या तिथं निवांत पडून असायच्या. अनुराधाला वाईनचं फारसं प्रेम नव्हतं. ती शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाली होती, आणि नवऱ्याच्या या उद्योगातलं रसायनशास्त्र तेवढं तिला आवडायचं.

वाईन बाटलीत गेली तरी तिचं काम थांबत नाही. बुचाच्या छिद्रांतून अगदी कणाकणानं प्राणवायू आत झिरपतो. तोंडाला कोरड आणणारे तुरट रेणू एकमेकांना धरून जड होतात, तळाशी बसतात, आणि तुरटपणा मवाळ होतो. आम्लं आणि अल्कोहोल यांच्यातून नवे वास जन्मतात. हे सगळं एका टप्प्यापर्यंत चढत जातं आणि मग उतरणीला लागतं. तो टप्पा कधी येणार, हे बाटली उघडल्याशिवाय कळत नाही, आणि उघडली की मुरणं संपलं. हौशी लोकांचं हेच जुनं दुखणं होतं.

'मुरवण' नावाच्या कपाटानं ते दुखणं संपवलं. प्रत्येक बाटली एका खाचेत आडवी ठेवायची. खाचेतून अवरक्त किरण काचेच्या आरपार जातात. प्रत्येक रेणू त्यातला आपापला ठरलेला भाग शोषून घेतो, आणि उरलेल्या प्रकाशावरून आत काय किती आहे हे कपाटाला समजतं. पण रसायनं समजली तरी माणसाची आवड कशी समजणार? त्यासाठी एक सोय होती. बाटली उघडली की पहिला घोट घेऊन मालकानं कपाटाशी बोलायचं, कसला वास आला, जिभेला काय लागलं. कपाट ते ऐकून मालकाचं नाक आणि जीभ शिकून घ्यायचं. शिरीषच्या नोकरीच्या पंचविसाव्या वर्षी वायनरीनं त्याला हे कपाट भेट दिलं होतं. गेली चार वर्षं तो रोज संध्याकाळी त्याच्याशी गप्पा मारत होता. फोनबिन त्याला आवडत नसे, म्हणून खातं अनुराधाच्या नावावर होतं.

शिरीषची गाडी फाटकाबाहेर गेल्यावर तिनं खुर्ची ओढली आणि अहवाल वाचला.

कपाटानं दोन रेषा काढल्या होत्या. एक रेषा बाटलीत खरोखर असलेल्या वासांची, दुसरी शिरीषनं सांगितलेल्या वासांची. पहिली तीन वर्षं दोन्ही रेषा जवळजवळ एकावर एक होत्या. गेल्या वर्षीच्या सप्टेंबरपासून दुसरी रेषा सुटी झाली होती. चौदा महिने शिरीष जे वास सांगत होता ते बाटलीत नव्हते. ते त्या जातीच्या द्राक्षाच्या वाईनमध्ये असायला हवेत असे वास होते. तो आठवणीतून बोलत होता. त्याखाली आणखी काही ओळी होत्या. आवाजाची पट्टी सोळा टक्क्यांनी उतरली आहे. दोन शब्दांमधली थांबण्याची वेळ वाढली आहे. या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तर मेंदूविकाराच्या डॉक्टरांना भेटावं. त्यापुढे एक शब्द होता, कंपवात.

आणि सगळ्यांत शेवटी: भेटीच्या करारानुसार हा अहवाल सात दिवसांनी वायनरीलाही पाठवला जाईल. नको असल्यास मालकानं स्वतःच्या आवाजात नकार द्यावा.

म्हणजे शिरीषला सांगितल्याशिवाय सुटका नव्हती. अनुराधानं फोन पालथा ठेवला आणि उरलेली मेथी निवडली. मग तिच्या लक्षात आलं, की देठ भांड्यात गेलेत आणि पानं कचऱ्यात.

दोन दिवस ती त्याला न्याहाळत राहिली. पेपर धरताना हात कापतो का? जिना उतरताना पाय घासतो का? त्याचे हात अगदी स्थिर होते. त्यामुळे तिला बरं वाटायला हवं होतं, पण तिनं तोवर बरंच वाचलं होतं. कंपवातात मेंदूतलं एक प्रथिन चुकीच्या घडीनं दुमडतं आणि शेजारच्या प्रथिनालाही तीच घडी घालायला लावतं. ही बिघाडाची साखळी पुष्कळदा वासाच्या नसांपासून सुरू होते. हात कापू लागतो तो फार पुढे, कधीकधी दहा वर्षांनी. पण नाक काय, म्हातारपणानंही जातं, एखाद्या तापानंही जातं. कपाट चुकलं असेल. यंत्रं चुकतात, असं तिनं स्वतःच वर्गात शेकडो वेळा सांगितलं होतं: एका प्रयोगावर विश्वास ठेवायचा नाही, दुसरा करून पाहायचा.

बुधवारी तिनं दुसरा प्रयोग केला.

तळघरातल्या एका बाटलीवर कपाटानं लाल खूण केली होती. बुचाला बुरशी लागलेली, पिण्याजोगी नाही. अनुराधानं ती बाटली उघडून काचेच्या सुरईत ओतली. स्वयंपाकघरभर ओल्या गोणपाटाचा, बंद पडलेल्या माळ्याचा वास सुटला. ज्याला वाईनमधलं ओ की ठो कळत नाही त्यानंही नाक धरलं असतं. तिनं खिडकी उघडली आणि सुरई जेवणाच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"आज काय विशेष?" शिरीष खूश झाला. "कुठली काढलीस?"

"दोन हजार तेहतीसची शिराझ. खालून तिसरा खण."

"अरे वा." त्यानं प्याला तिरका धरून रंग पाहिला, गोल फिरवला, नाक आत घातलं आणि डोळे मिटले. अनुराधानं ताटाची कड घट्ट धरली होती. बोल, ती मनात म्हणत होती, शी म्हण, काय घाण आहे म्हण, माझ्यावर ओरड.

"काळी मिरी," शिरीष म्हणाला. "पिकलेलं जांभूळ. आणि मागून थोडं चामडं येतंय. मस्त मुरलीये गं."

मग तो घोट प्यायला, आणि दुसरा प्याला भरून घेतला. ती उठून स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला आणि नुसती उभी राहिली.

गुरुवारी सकाळी चहाच्या वेळी तिनं सगळं सांगितलं. आधी अहवाल, मग सुरईतली बाटली. शिरीषनं ऐकून घेतलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"म्हणजे तू माझी परीक्षा घेतलीस," तो म्हणाला. "सडकी वाईन पाजून."

"मला दुसरं काही सुचलं नाही हो."

"शाळेतली पोरं समजतेस का मला? बसायचं समोर आणि बघायचं, हा माणूस काय बरळतो ते!"

"मी बरळणं ऐकायला बसले नव्हते. ते कपाट खोटं ठरावं म्हणून बसले होते."

तो उठून ओसरीवर गेला. बराच वेळ आला नाही. ती चहा घेऊन मागोमाग गेली तेव्हा तो पायरीवर बसला होता.

"मला माहितीये," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "गेल्या वर्षीच्या गणपतीनंतरची गोष्ट. पिंपाचं झाकण काढलं, वाकलो, आणि काहीच नाही. नुसती थंड हवा. मला वाटलं सर्दी आहे. आठवडाभर वाट पाहिली. मग महिनाभर."

"आणि इतके दिवस कसं निभावलंत?"

"आकडे वाचून. रोज सकाळी खाली जातो ना, ते कपाटावरचे आकडे पाहायला जातो. कशात आम्ल किती, साखर किती, त्यावरून त्या जातीचा वास कसा असायला हवा ते मला पाठ आहे. वायनरीत हाताखालच्या ईश्वरीला म्हणतो, आधी तू सांग. तिला वाटतं सर शिकवतायत." तो हसल्यासारखं करून म्हणाला, "कालची बाटली मी आकडे न बघता प्यायलो. तू काढलीस म्हणून."

अनुराधाला ते वाक्य फार लागलं. पण अजून अर्धंच बोलून झालं होतं. त्याला नाक गेल्याचं माहीत होतं. नाक का गेलं असेल, हे माहीत नव्हतं. त्यानं ते वयावर ढकललं होतं आणि लाज वाटून लपवलं होतं. तिनं फोन त्याच्या हातात दिला आणि शेवटच्या ओळींवर बोट ठेवलं.

त्यानं वाचलं. मग फोन मांडीवर ठेवून स्वतःचे दोन्ही हात समोर धरले आणि पाहत बसला. पंजे पसरून, बोटं ताणून. ती गेले तीन दिवस जे चोरून करत होती, ते तो आता उघड करत होता.

"हलत नाहीयेत," तो म्हणाला.

"नाही."

"उद्या ब्लेंड आहे. राखीव वाईनचं, आमच्या सगळ्यांत उंची. चार टाक्या. वर्षाचं काम आहे, अनू. उद्याचं एवढं करतो, मग जाऊ डॉक्टरकडे."

"आणि चुकलं तर?"

"आकडे आहेत."

"आकडे काल रात्री जेवताना होते का?"



शुक्रवारी ती त्याच्याबरोबर गेली. आजवर ती वायनरीत पाहुणी म्हणून गेली होती, कामाच्या वेळी कधीच नाही. चाखण्याची खोली पांढरीशुभ्र होती, प्रयोगशाळेसारखी. टेबलावर चार प्याले मांडलेले. पलीकडे ईश्वरी थेटे उभी होती. चौतिशीची, शिरीषच्या हाताखाली नऊ वर्षं काढलेली, त्याच्यानंतरची ब्लेंडर. अनुराधाला पाहून तिला आश्चर्य वाटलं, पण तिनं विचारलं नाही. "या काकू," एवढंच म्हणाली आणि स्टूल पुढे केलं.

शिरीषनं पहिला प्याला उचलला, फिरवला, नाकापाशी नेला. दुसरा. तिसरा. तिसऱ्याशी त्यानं सवयीप्रमाणे ईश्वरीकडे पाहिलं. ईश्वरीनं नाक आक्रसून ओठ मुडपले. जरा जास्तच, नाटकात करतात तसं. बसल्या जागेवरून अनुराधालाही ते स्पष्ट दिसलं.

शिरीषनं तिसरा प्याला बाजूला सारला. "ही नको," म्हणाला. मग त्याचा हात चौथ्या प्याल्याकडे गेला आणि मध्येच थांबला. त्यानं आळीपाळीनं दोघींकडे पाहिलं.

"ईश्वरी," तो म्हणाला, "मला वास येत नाही."

"माहितीये सर."



"कधीपासून?"

"गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून. तुम्ही सल्फरच्या धुरात उभे राहिलात, खोकलात, पण तोंड नाही फिरवलंत. तेव्हा शंका आली." ईश्वरीचे डोळे भरून आले होते. "मग मी तोंडं करायला लागले. वाईट असलं की वाईट, चांगलं असलं की चांगलं. तुम्ही बघायचात माझ्याकडे. मला वाटलं, चाललंय तोवर चालू दे."

"आणि सांगितलं नाहीस?"

"कसं सांगणार सर? मला वास घ्यायला तुम्ही शिकवलंत."

तिघंही तसेच होते. चौदा महिने एकानं, वर्षभर दुसरीनं आणि तीन दिवस तिसरीनं एकच गोष्ट आपापल्या पोटात ठेवली होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण दुसऱ्याला सांभाळतोय. शिरीषनं खुर्ची मागे ओढली आणि टेबलाच्या अलीकडे, अनुराधाशेजारी येऊन बसला.

"तिसरीत काय आहे?" त्यानं विचारलं.

"कुजकट वास आहे. अगदी बारीक. आकड्यांत नाही आलाय अजून."

"म्हणजे मी आकडे बघून ती घातली असती."

ईश्वरीनं तिसरा प्याला उचलून बेसिनमध्ये ओतला.

"चल, कर," तो म्हणाला. "पहिली चाळीस टक्के धरून सुरुवात कर. नंतर तुझं तू बघ."

दुपारी नवराबायको व्यवस्थापकाच्या खोलीत गेले आणि शिरीषनं सगळं स्वतः सांगितलं. घरी आल्यावर तो तळघरात उतरला, कपाटापुढे उभा राहिला आणि अहवाल पाठवायला नकार दिला. "आता गरज नाही," तो म्हणाला. "पण माझ्याबद्दल माझ्याआधी कुणी बोलायचं नाही."

डिसेंबरात डॉक्टर केतकी सानप यांनी तपासण्या केल्या. चाळीस वासांच्या पट्ट्या हुंगायला दिल्या; त्यातल्या पाच त्यानं बरोबर ओळखल्या, त्याही अंदाजानं. मग मानेवरच्या कातडीचा तीळभर तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवला. बिघडलेलं प्रथिन कातडीतही सापडतं. उत्तर यायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत अनुराधानं घरातला एकूण एक डबा धुतला, आणि शिरीष कधी नव्हे ते रोज तिच्याबरोबर भाजी आणायला गेला.

उत्तर 'आहे' असं आलं.

"हे ऐकायला कठीण आहे," डॉक्टर म्हणाल्या, "पण तुम्ही फार लवकर आलात. पूर्वी माणसं हात कापायला लागल्यावर यायची. तोवर मेंदूतल्या हालचाली सांभाळणाऱ्या भागातल्या निम्म्याहून जास्त पेशी गेलेल्या असायच्या. आता जे औषध आहे ते गेलेलं परत आणत नाही. साखळी हळू करतं. किती हळू, ते माणसागणिक वेगळं."

"नाक?" शिरीषनं विचारलं.

"नाक नाही येणार परत."

त्यानं मान डोलावली, जणू एखाद्या टाकीबद्दल ऐकत होता.

"तुमचं ते कपाट चालू ठेवा मात्र," डॉक्टर पुढे म्हणाल्या. "रोज चार वाक्यं बोलत जा. कशाबद्दलही. आवाजातला बदल आमच्या यंत्रांच्या आधी त्याला कळतो. दर महिन्याला अहवाल येत जाईल."

गाडीत बसल्यावर अनुराधा म्हणाली, "बंद करू या ते. दर महिन्याला टांगती तलवार कशाला?"

शिरीषनं गाडी सुरू केली. "बंद केलं तर तू माझ्या हाताकडे बघत बसशील," तो म्हणाला. "मला दिसतं. भाजीवाल्याला सुट्टे देताना बघतेस, शर्टाची बटणं लावताना बघतेस. त्यापेक्षा ते कपाट बरं. महिन्यातून एकदाच बघतं."

"मग अहवाल डॉक्टरांकडेच जाऊ दे. आपण वाचायचाच नाही."

"नाही. आता कुणी एकट्यानं वाचायचं नाही आणि कुणी एकट्यानं लपवायचंही नाही. मोठ्यानं वाचून दाखवायला सांग त्याला. दोघांना एकदम."

तसं ठरलं. नियम बनवण्याइतकं तो पाळणं सोपं नव्हतं. एक जानेवारीचा पहिला अहवाल ऐकायच्या आधी शिरीषनं दोनदा घड्याळ पुसलं आणि अनुराधाला अचानक तळघराच्या पायऱ्या झाडायची आठवण झाली. त्या महिन्यात आवाज अर्ध्या टक्क्यानं उतरला होता. अर्धा टक्का म्हणजे काय, हे डॉक्टरांना विचारेपर्यंत दोघांना अन्न गोड लागलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, सर्दीनंही एवढं होतं. दोघांनी एकमेकांना सांगितलं की सर्दीच असणार. जानेवारीभर शिरीष संध्याकाळी खाली जाऊन कपाटाशी बोलायचा, आणि अनुराधा वर जिन्याच्या तोंडाशी उभी राहून ऐकायची. शब्दांकडे तिचं लक्ष नसे. दोन शब्दांमध्ये तो किती थांबतो, ते ती मोजायची. मग एकदा त्यानं खालूनच हाक मारली, "अगं, वर उभी राहून मोजण्यापेक्षा खाली येऊन बस!" त्यानंतर ती खाली जाऊन बसू लागली.

एक फेब्रुवारीला सकाळी दहा वाजता दोघं तळघरात दोन खुर्च्या टाकून बसले. बाहेर द्राक्षतोडणी सुरू झाली होती. ईश्वरीचा दोनदा फोन येऊन गेला होता, तिला तिसऱ्या बागेतल्या द्राक्षांची साखर विचारायची होती. शिरीषनं तिला अर्ध्या तासानं करतो म्हणून सांगितलं. अनुराधानं पदराच्या टोकाला दिलेला पीळ सोडला आणि पुन्हा दिला.

कपाटानं वाचायला सुरुवात केली. आवाजाची पट्टी: गेल्या महिन्याइतकीच. शब्दांमधलं अंतर: गेल्या महिन्याइतकंच. उच्चारांची स्पष्टता: बदल नाही. एकूण निष्कर्ष: बदल नाही.

दोघं क्षणभर तसेच बसून राहिले, अजून काही येतंय का ते ऐकत. काही आलं नाही.

"चला," अनुराधा श्वास सोडत म्हणाली. "एक महिना मिळाला."

शिरीष गुडघ्यांवर हात टेकून उठला आणि ईश्वरीला फोन लावण्यासाठी जिन्याकडे निघाला. पहिल्या पायरीवर थांबून त्यानं मागे पाहिलं.

"फेब्रुवारी आहे, अनू," तो म्हणाला. "अठ्ठावीसच दिवसांचा."

तिला हसू आलं. मग त्यालाही आलं. आणि ती उठून, त्याच्या हातांकडे न बघता, त्याच्या मागोमाग वर गेली.